सही कोण करणार?

कोर्टाच्या पायरीवर : वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

या वेळी पत्रं आणि व्हॉट्सॲपचे मेसेज मिळून बरेच प्रश्न आलेत, त्यातले निम्मे शेताच्या बांधाचे, ते पुढच्या अंकात घेते, बांध कुठं पळून जात नाही. हा डिसेंबरचा अंक, १० तारखेला मानवी हक्क दिन, म्हणून संपादक म्हणाले त्या विषयाचे काढा. सहा काढले. कलमं लागतील तिथंच टाकलीत, बाकी माझं तालुका कोर्टातलं रडगाणं आहे, समजून घ्या.

प्रश्न : आमच्याकडं एक जण फिरायलाय. अडीच हजार भरले की मानवाधिकार संघटनेचा तालुकाध्यक्ष म्हणून कार्ड देतो, वर गाडीला लावायला स्टिकर अन् लेटरपॅड. म्हणतो पोलीस सॅल्यूट मारतात, टोल पण लागत नाही. घ्यावं का? (एक वाचक, अंबड तालुका)

नका घेऊ. त्या पैशात बियाणं घ्या, निदान उगवेल तरी.

आमच्या कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक किस्सा सांगतात, एकानं असं कार्ड ट्रॅफिक हवालदाराला दाखवलं तर हवालदारानं स्वतःच्या खिशातून तसलंच कार्ड काढून दाखवलं, त्याच्याकडून तर म्हणे तीन हजार घेतले होते. खरंखोटं देव जाणे. पण सरकारी मानवी हक्क आयोग तालुकाध्यक्ष नेमत नाही, स्टिकर वाटत नाही, टोलही माफ करत नाही. खासगी संस्था काढायला बंदी नाही, काही संस्था खरंच राबतात, पण कार्डावर तीन सिंह छापले की माणसाला वाटतं हे सरकारीच आहे, आणि ते चिन्ह खासगी माणसानं असं वापरणं हा २००५ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे निघाले हक्क सांगायला आणि घरातूनच कायदा मोडून निघाले.

खरा आयोग १९९३ च्या कायद्यानं झाला. राष्ट्रीय आयोग दिल्लीला, आपला राज्याचा मुंबईला, २००१ पासून. तक्रार साध्या कागदावर, मराठीत चालते, फी नाही, वकील लावायची गरज नाही (हे मीच सांगतेय बघा). घटना घडून एक वर्षाच्या आत लिहायचं. तक्रार कुणाची, तर सरकारी नोकराची, म्हणजे पोलीस, जेल, सरकारी दवाखाना, तहसील, यांनी हक्क मोडला किंवा दुसरा मोडत असताना नुसतं बघत बसले. भावकीचं भांडण तिथं चालत नाही, कोर्टात आधीच चालू असलेलं प्रकरणही ते घेत नाहीत. आयोग साहेबांना बोलावून घेऊ शकतो, कागद मागवू शकतो, भरपाई द्या म्हणून शिफारस करतो. शिफारसच, हुकूम नाही, लोकं इथं नाराज होतात आणि त्यांचं चुकत नाही. तरी मुंबईहून एसपी ऑफिसला पत्र आलं की खाली दबलेली फाईल दोन दिवसांत टेबलावर येते एवढं मी डोळ्यानं पाहिलंय.

प्रश्न : मी संभाजीनगरला अभ्यासिकेत एमपीएससी करते. पुस्तकात लिहिलंय मानवी हक्क जन्मतःच असतात, मग कायदा कशाला लागतो? आणि कायद्यानं मिळतात म्हणावं तर कायदा व्हायच्या आधी ते नव्हतेच का? आमच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस वाद चालू आहे.

दोनच दिवस? अगं तुझ्या अभ्यासिकेपासून रिक्षानं विद्यापीठाच्या गेटवर जा, तिथं या एका प्रश्नावर सोळा वर्षं घासाघीस झालीय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. मुंबईत हात वर झाले आणि इकडं गावागावात दलित वस्त्या पेटल्या, घरं जाळली, माणसं मारली, नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळेंचं नाव आजही १४ जानेवारीला गेटवर घेतलं जातं. पाटी बदलली १४ जानेवारी १९९४ ला, तीही नामांतर नाही तर नामविस्तार करून, म्हणजे ‘मराठवाडा’ तसंच ठेवून. ठराव तर कायदेशीरच होता ना? मग सोळा वर्षं काय अडलं, तर अडलं गावात.

आता तुझं परीक्षेचं. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामातून सुटलो आणि तीन महिनेही झाले नव्हते तोवर, १० डिसेंबरला, संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला, ३० कलमांचा. पहिल्या कलमाच्या मसुद्यात इंग्रजीत सगळे ‘पुरुष’ जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात असे शब्द होते, भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या, म्हणाल्या पुरुष नको, माणसं म्हणा. तो बदल झाला. म्हणजे जन्मतः मिळतात असं लिहितानासुद्धा कुणाच्या जन्माची गोष्ट चाललीय हे एका बाईला भांडून लिहून घ्यावं लागलं. आणि आपला १९९३ चा कायदा मानवी हक्क कशाला म्हणतो, तर जगणं, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिष्ठा यांचे जे हक्क संविधानानं दिलेत किंवा आंतरराष्ट्रीय करारांत आहेत आणि भारतातल्या कोर्टात बजावता येतात, ते. ‘कोर्टात बजावता येतात’ याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मार. ग्रुपवर हे टाक, वाद आणखी दोन दिवस चालेल.

प्रश्न : माझे आई-वडील जोडीनं ऊसतोडीला जातात. गेल्या सीझनला मुकादमाकडून १ लाख ८० हजार उचल (आगाऊ पैसे) घेतली होती. फेब्रुवारीत वडलांची कंबर गेली अन् दोघं फडातून परत आले. मुकादम म्हणतो ९० हजार अंगावर राहिलेत. यंदा दिवाळी झाल्यावर तो गाडी घेऊन आला अन् माझ्या लहान भावाला घेऊन गेला, वय १९. फिटल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो, फोन पण काढून घेतलाय. आम्ही पैसे घेतलेत हे खरंय. मग चूक आमचीच ना? (एक वाचक, बीड जिल्हा)

नाही. आणि हे तुम्हाला एकट्याला वाटत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण बीड, धारूर, पाटोदा कुठूनही ऊसतोडीचं पत्र आलं की शेवटची ओळ हीच असते, पैसे आम्ही घेतलेत ना ताई.

पैसे अंगावर राहिले तर तो दिवाणी मामला. मुकादमानं कोर्टात जावं, दावा लावावा, हिशोब दाखवावा. पण पैशाच्या बदल्यात माणूस नेऊन ठेवणं, त्याला जायला बंदी करणं, फोन काढून घेणं, याला १९७६ च्या कायद्यात वेठबिगारी म्हणतात आणि तो फौजदारी गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. संविधानाच्या कलम २३ मध्येही वेठबिगारीला बंदी आहे. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की पोटाच्या मजबुरीनं माणूस किमान वेतनापेक्षा कमीत राबत असेल तर तीही सक्तीची मजुरीच, हातात बेडी दिसायलाच पाहिजे असं काही नाही. आणि १९७६ च्या कायद्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, एकदा ते वेठबिगारीचं कर्ज ठरलं की कर्जच संपतं, फेडायची जबाबदारी राहत नाही, आणि मजूर म्हणाला हे तसलं कर्ज आहे तर तसं नाही हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर. एवढं मजुराच्या बाजूनं लिहिलेला कायदा मी दुसरा फारसा पाहिला नाही.

आता तो चालतो कसा ते बघा. मुकादम उचल देताना बॉन्ड करून घेतो, नोटरीपुढं. तो बॉन्ड कधी वाचलाय का? त्यात ऊस नसतो, कोयता नसतो, कारखाना नसतो. ‘घरगुती अडचणीसाठी हातउसने घेतले’ असं लिहिलेलं असतं, आणि सोबत दोन कोरे चेक. मी असे ढीगभर बॉन्ड पाहिलेत, मजकूर इतका सारखा की नाव अन् रक्कम सोडली तर झेरॉक्सच. त्यामुळं अर्ज घेऊन साहेबाकडं गेलं की साहेब म्हणतो हे तर तुमचं आपापसातलं उसनवारीचं आहे, वेठबिगारी कुठं दिसतेय. कुठल्याच अधिकाऱ्याला आपल्या कागदावर वेठबिगार सापडला असं लिहायचं नसतं, एकदा लिहिलं की वरून पंचवीस प्रश्न येतात.

म्हणून असं करा. आज, हे वाचून झालं की लगेच, ११२ ला फोन लावा आणि भावाला डांबून ठेवलंय एवढंच सांगा, उचलीची कहाणी नंतर. मग अर्ज. भाऊ ज्या जिल्ह्यात फडावर आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याच्या नावानं, कारण सोडवायचं काम तिथल्यांचं, सांगली असो नाहीतर बेळगाव, आणि एक प्रत आपल्या इथल्या तहसीलला, पोच घेऊन. अर्जात उचल किती, किती दिवस तोड केली, किती टन झाला आठवेल तसं, वडील कधी आजारी पडले त्याची दवाखान्याची चिठ्ठी, भावाला कोणत्या तारखेला कुणासमोरून नेलं ते लिहा. भावाला सोडवल्यावर वेठबिगारमुक्तीचा दाखला मागायचाच, तो मिळाला तर केंद्राच्या योजनेतून लगेच ३० हजारांपर्यंत मदत आहे, पुढची रक्कम पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २, अगदी वाईट छळ असेल तर ३ लाख, पण ती आरोपीला शिक्षा झाल्यावर, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

आणि अर्जावर तुमची एकट्याची सही नको. तुमच्या वडलांच्या टोळीत आणखी आठ-दहा कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, असतील, त्यातल्या तिघा-चौघांची घ्या. ते म्हणतील आमचीही उचल अंगावर आहे, आम्ही कशी करावी. मला माहितीय. तरी एकाची तरी मिळते, बहुतेक वेळा एखाद्या म्हाताऱ्या बाईची, जिला आता मुकादम परत नेणारच नसतो.

मुकादमाबद्दल एक वाक्य लिहिते, राग मानू नका. तोही बऱ्याचदा कालचा कोयतेवालाच असतो, त्यानं कारखान्याकडून उचल आणलेली असते, त्याच्या अंगावर टोळीची सगळी रक्कम, कुणी पळालं तर त्याची जमीन जाते. त्यानं तुमच्या भावाला नेलं ते माफ होत नाही, पण गावात सगळे मुकादमाला शिव्या देतात आणि कारखान्याच्या चेअरमनला हार घालतात, तेवढं मला खटकतं.

तुमच्या पत्रात आई एका शब्दापुरती आहे. कोयता म्हणजे जोडी, नवरा तोडणार अन् बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीत टाकणार, पहाटे कोपीत चुलीवर भाकरीही तिनंच थापायच्या. उचल मात्र नवऱ्याच्या नावावर, बॉन्डवर सही नवऱ्याची, पैसे त्याच्या हातात. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचा गवगवा झाला, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दिवस भरला नाही की खाडा, खाड्याचा दंड, मग पाळीच नको, असं गणित घालून बायका ऑपरेशन करून आल्या. कुणी जबरदस्तीनं टेबलावर झोपवलं नव्हतं. एशियाडच्या निकालातली ती न दिसणारी बेडी मला तेव्हा समजली. तुमच्या आईलाही त्या अर्जावर सही करू द्या, अंगठा असला तरी चालतो.

प्रश्न : बहिणीनं दुसऱ्या जातीत लग्न केलं म्हणून आमच्या समाजाच्या पंचांनी आम्हाला वाळीत टाकलंय. ५१ हजार दंड भरा मग पोटात घेतो म्हणतात. कुणी लग्नाला बोलवत नाही, आजी वारली तर खांद्याला समाजातलं कुणी आलं नाही. पोलिसात जावं तर पुरावा काय दाखवू? न बोलण्याचा काय पुरावा असतो? (एक वाचक, नांदेड जिल्हा)

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस अडकून होते. मारलं तर वळ दिसतात, न बोलणं कशात मोजायचं.

कायदा आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, मंजूर २०१६ ला, लागू जुलै २०१७ पासून. वाळीत टाकणं, दंड मागणं, अंत्यविधीला-लग्नाला येऊ न देणं, येणं-जाणं तोडायला लावणं, सगळं त्यात येतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांना थेट गुन्हा दाखल करता येतो आणि दोषारोपपत्र आल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवायचा असं कायद्यातच लिहिलंय, ते सहा महिने कोर्टात किती लांबतात हा वेगळा विषय. असला एक प्रयत्न फार आधी झाला होता, १९४९ ला मुंबई प्रांतानं बहिष्कृत करण्यावर बंदी घातली, पण १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा रद्द केला, म्हणाले धर्मगुरूनं धर्माच्या कारणासाठी कुणाला बाहेर काढणं हा त्या पंथाचा धार्मिक अधिकार. मग पन्नासहून जास्त वर्षं रिकामी गेली. पुढं नाशिककडच्या एका भयानक घटनेनंतर २०१३ पासून अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या लोकांनी जातपंचायतीला मूठमाती म्हणून गावोगाव फिरून वाळीत टाकलेल्या माणसांना बोलतं केलं, तक्रारी जमवल्या, तेव्हा कुठं विधानसभेला सुचलं.

पुराव्याचं आता. माझ्याकडं एक प्रकरण होतं, गाव सांगत नाही. पंचांनी फोनाफोनी करून बहिष्कार टाकलेला, कागद नाही, रेकॉर्डिंग नाही. मी घरातल्या सुनेला विचारलं रोजचं काय काय अडलं ते सांग. ती म्हणाली गिरणी. ज्वारीचा डबा नेऊन ठेवला, डब्यावर खडूनं यांचं नाव, संध्याकाळी आणायला गेली तर डबा तसाच, ज्वारीसकट, रांगेतून बाजूला काढून जिन्याखाली ठेवलेला. गिरणीवाला त्याच समाजाचा, तो कशाला बोलतोय. पण गिरणीवाल्याची आई ओट्यावर बसलेली असायची, सत्तरीच्या पुढची. पोलिसांनी जबाब घ्यायला विचारलं तर ती म्हणाली, मीच म्हणलं होतं दळून दे बाबा, लेकराबाळाचं घर आहे, तर ह्यो म्हणला पंचाचा फोन आलाय. झालं. जबाबाखाली अंगठा. मुलगा घरात आदळआपट करायला लागला तर म्हातारी म्हणाली तुझ्या बापाला बी असंच टाकलं होतं चार वर्षं, तुला ठाऊक नाही, तू पाळण्यात होतास.

तुमच्या आयुष्यातही अशी एखादी गिरणी असणार. किराणा, दूध, पोरांची ट्यूशन, आजीच्या वेळी येतो म्हणून न आलेला तो एक माणूस. तारीख, वेळ, कोण काय बोललं, वहीत लिहायला आजपासून सुरुवात करा. दंड मागितलेला फोनवर असेल तर कॉलची यादी जपून ठेवा. आणि ५१ हजार भरू नका. भरले की पावती देत नाहीत, पुढच्या वर्षी धाकटीच्या लग्नात परत मागतात.

प्रश्न : गावातल्या काही पोरांनी जातीवरून शिव्या देऊन मारहाण केली. ठाण्यात गेलो तर एनसी घेऊन परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आमच्यावरच चोरीची तक्रार. सगळे म्हणतात मिटवून घ्या. (एक वाचक, हिंगोली जिल्हा)

एनसी म्हणजे अदखलपात्र, तिच्यावर पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपाससुद्धा करत नाहीत, त्यामुळं तो कागद घेऊन गप्प बसू नका. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दखलपात्र आहे आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर घ्यायलाच लागतो हे सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून ठेवलंय. अॅट्रॉसिटीत आधी प्राथमिक चौकशी करू मग बघू, असंही चालत नाही, २०१८ च्या दुरुस्तीनं कलम १८-अ घालून ते बंद केलं. ठाणेदार घेत नसेल तर तीच फिर्याद लेखी, रजिस्टर पोस्टानं एसपींना. तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं. तपास डीवायएसपीच करणार, जमादार नाही, मुदत ६० दिवस. कामचुकारपणा करणाऱ्या अधिकाऱ्यावर कलम ४ आहे, अर्जात त्याचा नुसता उल्लेख केला तरी आवाज खाली येतो. वकील फुकट मिळतो, तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० ला फोन करा, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही बाईला उत्पन्नाची अट नाही.

चोरीची उलटी तक्रार ठरलेलीच असते, घाबरू नका, तिचा उपयोगच मिटवायला बसताना होतो, तू ती काढ मी ही काढतो. मिटवायचं की नाही ते मी सांगणार नाही, त्या गावात तुम्हाला राहायचंय, मला नाही. पण आधी गुन्हा दाखल होऊ द्या, पुढचं पुढं. एक तेवढं लक्षात घ्या, केस पडते ती बहुतेक पंच अन् साक्षीदार फिरल्यामुळं. जबाबात लिहून दिलेला माणूस दोन वर्षांनी पिंजऱ्यात उभा राहून म्हणतो मला काही दिसलं नाही, मी म्हैस बांधत होतो. माझ्या एका केसमध्ये तिघांनी एकच म्हैस बांधली. तेव्हा आज कोण कोण होतं त्यापेक्षा दोन वर्षांनीही कोण टिकेल त्याचा विचार करून नावं द्या, आणि त्या माणसाला साक्षीला येण्या-जाण्याचा खर्च आणि संरक्षण मागता येतं, कलम १५-अ मध्ये आहे, हे त्याला आधी सांगा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. गेल्या उन्हाळ्यात एका सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न मी कळवून थांबवलं. तेव्हापासून अर्ध्या गावानं पोरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलंय, पोरीची आई रस्त्यात बघून थुंकते. आता परत एक ठरलंय. मी काय करावं? (परभणी जिल्हा)

ताई, तुमचं पत्र शेवटी ठेवलं कारण मला उत्तर पूर्ण येत नाही.

बालविवाहाचा कायदा तुम्हाला माहीतच आहे, २००६ चा, मुलगी १८ मुलगा २१. ग्रामसेवक प्रतिबंध अधिकारी आणि तुम्ही त्यांच्या मदतनीस, म्हणजे कागदावर जबाबदारी ग्रामसेवकाची आहे, आणि ग्रामसेवक राहतात परभणीला, थुंकी तुमच्या वाट्याला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ ला महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या जवळपास २२ टक्के होत्या, परभणी-बीडमध्ये ते चाळीसच्या वर. एवढे लोक गुन्हेगार असतात का? त्या पोरीची आई ऊसतोडीला नाहीतर पुण्याला बांधकामावर जाते, सहा महिने पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, सातवीनंतर शाळा दुसऱ्या गावात, एसटी एकदाच येते. आईला लग्न म्हणजे पोरीला कुलूप लावल्यासारखं वाटतं. तिच्या डोक्यातलं कुलूप नुसतं लग्न मोडून निघत नाही, म्हणून ती थुंकते, तिचं बरोबर आहे असं नाही, पण मला ती कळते.

तरीही थांबवा. या वेळी वेगळ्या वाटेनं. मांडव पडल्यावर गाडी बोलवायची नाही, त्यात सगळ्यांसमोर अब्रू जाते आणि रोष तुमच्यावर येतो. आत्ताच १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला, फोन करा, नाव गुप्त ठेवतात. लग्नाच्या आधी मॅजिस्ट्रेटकडून मनाई हुकूम आणता येतो, आणि तो मोडून लग्न लावलं तर ते लग्न मुळातच रद्द धरलं जातं. मंडपवाला, बँडवाला, भटजी, पत्रिका छापणारा यांना ग्रामसेवकानं एकेक नोटीस दिली तरी पुष्कळ काम होतं, लग्न लावणाऱ्याला दोन वर्षं आणि १ लाखापर्यंत दंड आहे म्हटल्यावर बँडवालाच सुपारी परत करतो, आणि गाव बँडवाल्यावर चिडत नाही. आईला सांगा तिला जेलमध्ये टाकत नाहीत, या कायद्यात बाईला कैद नाही, ती भीती आधी काढा. आणि गेल्या वेळची ती सोळा वर्षांची पोरगी कुठंय, तिची शाळा चालू आहे का, वसतिगृहात जागा मिळते का, याच्यासाठी तुम्ही एकदा तालुक्याला तिच्या आईला सोबत घेऊन जा, ती येणार नाही, तरी विचारा.

फोनचं एक. गेल्या महिन्यात जिंतूरकडच्या तुमच्यासारख्याच एका ताईंनी मला त्यांची युक्ती दाखवली. घरातले मोबाईल तपासतात म्हणून त्यांनी १०९८ ‘गॅस टाकी’ नावानं सेव्ह केलाय. गावातल्या आणखी दोन पोरींनाही तसाच करून दिला. आता कुठं काही ठरलं की त्या दोघी अंगणवाडीच्या दारावरून जाताना नुसतं विचारतात, ताई, टाकी संपली का तुमची?